स्वप्न बदलायचं नाही

डॉक्टरीणबाईंनी तो जबडा तारेनं बांधला तेव्हा तो आपल्याच नवऱ्याच्या पेशंटचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या हाडांच्या डॉक्टर, मोडकी माणसं रोजच बघायच्या, पण त्या दिवशी त्यांनाही मध्येच बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. जबडा दोन्हीकडून मोडलेला, डावं मनगट पिळून उलटं केलेलं, बरगड्यांवर बुटाच्या टाचेचे वळ आणि मानेमागचे केस मुळासकट उपटलेले. बाई शाळेत गणित शिकवणारी मास्तरीण. तिला घेऊन आलेली शेजारीण रडत रडत सांगत होती, की नवऱ्यानं हिचं डोकं न्हाणीघरातल्या बादलीत दाबून धरलं होतं. वर काढायचा, मारायचा, परत दाबायचा, आणि एकच घोशा लावला होता, गुणगुण की आता, गुणगुण!

संध्याकाळी घरी चहा घेताना त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. रोजचाच शिरस्ता होता तो. त्यांनी हाडांचं सांगायचं, नवऱ्यानं ऐकायचं. नवरा मनोविश्लेषक, ऐकणं हाच त्याचा धंदा. लग्न नवं होतं तेव्हा बाईंनीच त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं. गळ्यातून सूर म्हणून निघायचा नाही, पण कोणी बोलायला लागलं की हा पठ्ठ्या जेवण विसरून ऐकत बसायचा. पुढं ते नाव गावभर झालं. पेशंट, प्रकाशक, दुधवाला, सगळ्यांचे ते कानसेन.

तर कानसेनांनी बादली ऐकली, गुणगुणणं ऐकलं, आणि चहाचा कप बशीत ठेवताना तो बशीबाहेरच ठेवला. चहा मांडीवर सांडला. भाजलंसुद्धा असेल, पण ते हलले नाहीत.

"तिच्या नवऱ्याचं किल्ल्यांचं दुकान आहे का गं?" कानसेनांनी विचारलं.

"तुला कसं कळलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता हे असं का झालं ते समजायला कानसेनांचा धंदा समजून घ्यायला हवा. बाजारापासून जरा बाजूला, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. खोलीत एक दिवाण, दिवाणाच्या उशाशी एक खुर्ची, खिडकीशी लिहायचं टेबल, आणि दाराला एक दणकट कुलूप. पेशंटनं दिवाणावर आडवं व्हायचं, कानसेनांनी मागच्या खुर्चीत बसायचं. पेशंटला त्यांचा चेहरा दिसत नाही. त्यांना पेशंटचं टाळकं तेवढं दिसतं. अर्धं आयुष्य लोकांची टाळकी बघण्यात गेलं, असं ते स्वतःच म्हणायचे. सुरुवातीची कैक वर्षं त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. मग त्यांनी पेशंटांच्या गोष्टी लिहायला घेतल्या, पहिलं पुस्तक गाजलं, आणि ज्यांना डोकेदुखीचं औषध हवं होतं तेही आपली स्वप्नं घेऊन जिना चढायला लागले. पुस्तकामागून पुस्तक येत गेलं. माणूस साधा, पण स्तुती कोणाला आवडत नाही? कानसेनांना ती जरा जास्तच आवडायची.

पेशंटांच्या गोष्टी छापायच्या तर माणूस ओळखू येता कामा नये. कानसेनांचे गुरू, एक दम्यानं धापणारे म्हातारे, त्यांनी याचा नियम घालून दिला होता. गाव बदला, धंदा बदला, बाईचा बाप्या करा, दोन पोरांची चार करा, पण स्वप्न बदलायचं नाही. तपासायच्या रक्तात पाणी घातलं तर तपासणार काय? स्वप्न बदललंत की उरते ती कादंबरी, आणि कादंबऱ्या लिहिणारे दुसरे बरेच आहेत. कानसेनांनी हा नियम प्राणापलीकडं पाळला. भाषणात ते सांगायचे, स्वप्नाला पत्ता नसतो. लोक टाळ्या वाजवायचे.

मास्तरीणबाई त्यांच्याकडं आल्या त्या डोकं दुखतं म्हणून. नवरा किल्लीवाला स्वतः तिला सोडायला यायचा, खाली उभा राहून विडी ओढायचा आणि तास संपला की जिन्याशी आलेल्या कानसेनांशी दोन शब्द बोलून तिला घेऊन जायचा. हळूहळू डोकेदुखीमागचं बाहेर आलं. नवरा मारायचा. दारू पिऊन नव्हे, शुद्धीत, आणि कपड्यांखाली दिसणार नाही अशा जागी. शाळेत चाळीस पोरांना गप्प करणारी ही बाई घरात तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची आणि मार संपेपर्यंत मनातल्या मनात काहीतरी गुणगुणायची. तिला कधी कोणाला नाही म्हणता आलं नव्हतं. बापाला नाही, हेडमास्तरांना नाही, नवऱ्याला तर नाहीच.

तिचं स्वप्न असं. नवरा बाळाएवढा झालाय. ती त्याला निळ्या बादलीत बसवून आंघोळ घालतेय, कानामागचा तीळ चोळून चोळून धुतेय. त्याच्या डोळ्यांत साबण जातो, तो किंचाळतो. ती त्याच्या डोक्यावर तळहात ठेवते आणि हलकेच खाली दाबते. आणि दाबूनच ठेवते. गाणं गुणगुणत राहते. बुडबुडे थांबतात तेव्हा ती टॉवेलची नीट घडी घालते.

कानसेनांना त्या दिवशी खुर्चीत बसवेना. इतकं स्वच्छ, इतकं नागडं स्वप्न त्यांच्या हाती कधी लागलं नव्हतं. नव्या पुस्तकाचा कणाच मिळाला. तास संपता संपता त्यांनी विचारलं, तुमची हकीकत लिहिली तर चालेल का, नाव-गाव काही येणार नाही. बाई म्हणाल्या, चालेल की. पुस्तकात किल्लीवाल्याचा नावाडी झाला, मास्तरणीची शिंपीण झाली, घर नदीकाठी गेलं. तीळ राहिला. बादली निळी राहिली. नियम म्हणजे नियम.

एक गोष्ट मात्र त्यांनी विचारली नाही. त्यांच्या धंद्यात ती कोणीच विचारत नाही, कारण या लोकांना वाटतं की दिवाणावर सांगितलेलं स्वप्न फक्त दिवाणावरच सांगितलेलं असतं. अहो, माणसं सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी स्वप्नं सांगतात! मास्तरणीनंही सांगितलं होतं. नवऱ्यालाच. अर्धंच, हसत हसत. तुम्ही एवढुसे झाला होतात, मी तुम्हाला बादलीत आंघोळ घालत होते. किल्लीवाल्याला ते भारी आवडलं. दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचा, आमची बायको मला स्वप्नात न्हाऊ घालते बरं का.

पुस्तक काही तो वाचणार नव्हता. पण त्याच्या दुकानात दिवसभर रेडिओ चालायचा, आणि एका सकाळी रेडिओवर कानसेनांची मुलाखत लागली. विचारणाऱ्या बाईनं पुस्तकातलं काही वाचून दाखवा म्हटलं. कानसेनांनी काय वाचावं? दुसरं कितीतरी होतं. पण सगळ्यात झगझगीत दागिना पेटीत ठेवून कोण लग्नाला जातं? त्यांनी आपल्या त्या मऊ, मुरलेल्या आवाजात स्वप्न वाचलं, तिळासकट. किल्लीवाला कानस घेऊन एका किल्लीचे दात घासत होता. आवाज ओळखीचा, बादली ओळखीची. त्याचा हात थांबला. त्याला माहीत असलेलं अर्धं संपलं, आणि मग त्यानं उरलेलं अर्धं ऐकलं. दुकानाचं शटर ओढून तो घरी गेला. मास्तरीण शाळेतून यायची होती. त्यानं बादली भरून ठेवली.

त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी स्वप्न, पुस्तक, रेडिओ हे सगळं कानसेनांकडून ऐकलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तक शेल्फावरून काढलं, ते प्रकरण उघडलं आणि उभ्या उभ्या चाळलं.

"जिला नाही म्हणता येत नाही असं तूच पानंच्या पानं लिहिलंयस," त्या म्हणाल्या, "तिलाच तू परवानगी विचारलीस?"

कानसेनांना तोंडात मारल्यासारखं झालं. एवढी पुस्तकं लिहिली, एवढी मनं उकलली, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पोलिसांनी किल्लीवाल्याला पकडलं, पण तो आज ना उद्या जामिनावर सुटणार हे सगळ्यांना दिसत होतं. मास्तरणीला लपवायला हवं होतं. तिची एक मावशी लांबच्या गावी होती. डॉक्टरीणबाईंना इस्पितळ सोडून जाता येईना, म्हणून कानसेनच तिला गाडीतून घेऊन गेले. सबंध रस्ता ती खिडकीला टेकून बसली होती, चेहरा सुजून कोहळ्याएवढा, दातांना तारा. कानसेनांनी माफी मागायला तोंड उघडलं की ती डोळे मिटून घ्यायची. मावशीच्या दारात उतरताना मात्र तिनं त्यांची बाही धरली आणि तारांमधून, लाळ गाळत, दोनच शब्द काढले.

"तो येईल."

परतताना त्या बाईचा जीव आता आपल्या गळ्यात अडकलाय हे कानसेनांना पुरतं कळलं. ती जगली पाहिजे, बाकी काही नको. त्यांनी प्रकाशकाला सांगितलं, पुस्तक मागं घे. प्रकाशक म्हणाला, रेडिओनंतर दुसरी आवृत्ती छापायला टाकलीय, आता काय मशीन उलटं फिरवू? पोलिस ठाण्यात जाऊन त्यांनी बंदोबस्त मागितला. तिथल्या अधिकाऱ्यानं जांभई दिली आणि म्हणाला, बघू. हे बघू म्हणजे काय असतं ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे.

किल्लीवाला सुटला. शेजारपाजारी चौकशी करून त्याला एवढं कळलं, की बायकोला एका पांढऱ्या दाढीच्या माणसानं गाडीत घालून नेलं. ती पांढरी दाढी त्यानं विडीच्या धुरातून कित्येकदा बघितली होती.

तो भर दुपारी आला. कानसेनांनी दार आतून लावून घेतलं होतं, पेशंट बंद केले होते, आणि ते टेबलाशी नुसते बसून होते. कुलूप काही वाजलं नाही. दार उघडलं तेव्हा वाऱ्यानं उघडलं असंच वाटलं. किल्लीवाला आत आला, दार लावून घेतलं, खांद्यावरची हत्यारांची पिशवी जमिनीवर ठेवली. बुटका, नीटनेटका माणूस, भांग पाडलेला.

"कानसेन म्हणतात ना तुला?" तो म्हणाला आणि दोन्ही पंजे उघडून त्यानं कानसेनांच्या दोन्ही कानांवर एकदम मारले.

डोक्यात काहीतरी फाटलं. कानसेन खुर्चीसकट कोसळले. डाव्या कानातून ऊन ऊन रक्त गळ्यावर उतरलं. किल्लीवाल्यानं त्यांना दाढीला धरून उभं केलं आणि नाकावर डोकं हाणलं, मग पोटात गुडघा, मग परत. मारताना त्याचा श्वास चढत नव्हता. रोजच्या सवयीचं काम असल्यासारखा तो मारत होता, कुठं मारलं की किती दुखतं हे पक्कं ठाऊक असलेला माणूस. मध्ये मध्ये थांबून विचारायचा, पत्ता? कानसेन मान हलवायचे. मग तो पुढं चालू.

कानसेन काही शूरबिर नव्हते. त्यांची पॅंट ओली झाली होती. ते आईगं आईगं करून लहान पोरासारखे रडत होते, आणि गावाचं नाव अगदी ओठांवर येऊन बसलं होतं. पण एकदा तोंड उघडलं होतं त्यांनी, आणि त्याचं काय झालं ते बघून झालं होतं. त्यांनी ओठ दातांखाली धरले.

किल्लीवाल्यानं पिशवीतून हातोडी काढली. कानसेनांचा डावा हात टेबलावर पसरला, स्वतःच्याच पुस्तकाच्या गठ्ठ्याशेजारी, आणि करंगळीपासून सुरुवात केली. हाड फुटल्याचा आवाज कानसेनांना कानांनी नाही, दातांनी ऐकू आला. मग दुसरं बोट. मग तिसरं. तिसऱ्याला ते बेशुद्ध पडले. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात रक्त होतं आणि ओठाचा एक तुकडा लोंबत होता. पण गावाचं नाव बाहेर पडलं नव्हतं.

किल्लीवाला दिवाणावर बसला होता. दमला होता. हातोडी त्यानं खाली, पायांशी ठेवली होती. उशीवर हात फिरवत तो म्हणाला, इथंच झोपायची ना ती? त्यानं बूट काढले, शेजारी नीट ठेवले आणि दिवाणावर आडवा झाला. उशीचा वास घेतला. आणि रडायला लागला.

कानसेन जमिनीवरून सरपटत उठले. कुठं जायचं? दार लांब होतं, पायांत त्राण नव्हतं. सवयीनं ते गेले ते आपल्या खुर्चीकडं, आणि दिवाणाच्या उशाशी बसले. समोर ते टाळकं. मधोमध भांग, कानामागं तीळ.

किल्लीवाला छताकडं बघून बोलायला लागला. त्यांना आता तो अहोजाहो करत होता, आणि मारताना जसा बोलत होता तसा नाही, अगदी सावकाश. लहानपणी बाप त्याला पेटीत कोंडायचा, तिथंच तो कुलूप आतून उघडायला शिकला, हे त्यानं सांगितलं. बायकोसाठी घरात पंखा बसवला ते सांगितलं. तिच्या हाताला चव होती ते सांगितलं. न्हाऊ घालायचं ते स्वप्न जगाला सांगत सुटलो मी, गाढवासारखा, असं म्हणून तो हसला. कानसेन उजव्या कानानं ऐकत होते. लाज वाटायला हवी, पण खरं ते खरं, त्यांना त्याची कीव आली. तुटक्या हातातून रक्त ठिबकत असताना ते मनात म्हणत होते, हा आधी आला असता तर.

आणि मग किल्लीवाला म्हणाला, "मनी वसे ते स्वप्नी दिसे, डॉक्टर. तिच्या मनात होतं. आता माझ्या मनात आहे. तुम्ही नका सांगू पत्ता, राहू दे. आज नाही तर पुढच्या वर्षी. मला घाई नाही. कुलुपाचं असंच असतं, घाई केली की बिघडतं. कुठंही असू दे ती, दार तर असेलच ना तिथं."

रडणं थांबलं होतं. आवाज सपाट झाला होता, झालेली गोष्ट सांगावी तसा. जीव घेईन म्हणून आरडाओरडा करणारी माणसं कानसेनांनी ढिगानं ऐकली होती. ती माणसं घरी जाऊन जेवून झोपतात. हा आवाज त्यांनी एकदाच ऐकला होता, धंद्याच्या सुरुवातीला. गुरांचा एक डॉक्टर होता, भावाबद्दल असाच सावकाश बोलला होता. दिवाणावरचं बाहेर बोलायचं नाही या धंद्याच्या नियमाप्रमाणं कानसेन गप्प राहिले, तास संपला, तो गेला आणि त्यानं भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. त्यावरही कानसेनांनी पुढं एक प्रकरण लिहिलं. चांगलं उतरलं होतं.

किल्लीवाला डोळे मिटून पडला होता. श्वास संथ झाला होता. पोलिस म्हणणार बघू, कोर्ट म्हणणार तारीख, आणि हा एक दिवस मावशीच्या दाराशी वाकून बसणार. ती बाहेरून येईल, बादली भरलेली असेल.

कानसेनांनी उजवा हात खाली नेला आणि हातोडी उचलली.

पहिला घाव कानशिलावर बसला. किल्लीवाल्याचे डोळे उघडले आणि तो उठायला गेला, जसा कोणी झोपेतून हाक आल्यावर उठतो तसा. दुसरा घाव कपाळावर बसला. तो दिवाणावरून खाली घसरला, हातांनी कानसेनांचा पाय धरला, आणि कानसेनांनी वरून तिसरा, चौथा, किती ते त्यांनाही माहीत नाही, घातले. रक्त दाढीत, भिंतीवर, पुस्तकांवर. तोंडानं ते काहीतरी बडबडत होते. पकडलेला पाय केव्हाच सुटला होता, समोर चेहरा असा उरला नव्हता, तरी हात चालूच होता. शेवटी हातोडी रक्तानं निसटून भिंतीवर जाऊन आदळली तेव्हाच तो थांबला. मग त्यांनी फोन केला. आधी पोलिसांना, मग बायकोला.

खटला उभा राहिला. वकील म्हणाला, स्वसंरक्षण म्हणा, तुमची बोटं बघूनच न्यायाधीश विरघळेल. कानसेन म्हणाले, तो झोपला होता. वकिलानं कपाळावर हात मारून घेतला. शिक्षा झाली. कानसेनांच्या धंद्यातल्या मंडळींनी सभा घेतली आणि यादीतून त्यांचं नाव काढून टाकलं. माणूस मारला यापेक्षा दिवाणावर पडलेला माणूस मारला, हे त्यांना फार लागलं होतं. खरं सांगायचं तर ते कानसेनांनाही लागलं होतं. प्रकाशकानं निरोप पाठवला, की पुस्तकावर लोक तुटून पडलेत, तुरुंगातून काही लिहिता येईल का बघा, उजवा हात तर शाबूत आहे. बेशरमपणाला काही सीमा असते का?

डॉक्टरीणबाई दर भेटीच्या दिवशी यायच्या. वेडीवाकडी जुळलेली बोटं जाळीतून दाबून बघायच्या. त्यांनी एकदाच विचारलं, आणि तेही बोटांकडं बघत.

"तिच्यासाठी मारलंस, की पुस्तकासाठी?"

कानसेन म्हणाले, तिच्यासाठी. पहिला घाव तिच्यासाठी, हे मी देवासमोर सांगेन. पुढचे कशासाठी ते मला माहीत नाही. बाईंनी मान हलवली. त्या यायच्या थांबल्या नाहीत, एवढंच त्यांचं उत्तर.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मास्तरीण आली. भेटीच्या खोलीत मधोमध जाळी, दोन्हीकडं बाकं, कोपऱ्यात शिपाई. तिचा जबडा जरासा डावीकडं जुळला होता, त्यामुळं बोलताना शब्द जपून टाकावे लागत होते. नव्या गावात तिला शाळा मिळाली होती. मावशी बरी होती. हे तिनं सांगून संपवलं, आणि कानसेन उरलेला कान जाळीला लावून वाट बघत राहिले. त्यांना वाटत होतं, ही रागावेल किंवा आभार मानेल. दोन्हीची तयारी करून ते आले होते. एवढ्या मारातून, एवढ्या रक्तातून हा एक जीव वाचला, तो समोर बसलाय, श्वास घेतोय, याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

"तो मेला म्हणून मी जिवंत आहे, हे मला कळतं," ती म्हणाली. "पण माझ्या मनात जे होतं ते आधी तुम्ही जगाला सांगितलंत, आणि मग माझ्या वतीनं करूनही टाकलंत. मी त्याला सोडून जाणार होते, डॉक्टर. शाळा बघून ठेवली होती, हीच. तुम्हाला कितीदा सांगायला आले होते. पण त्या दिवसांत तुम्ही फक्त स्वप्नाचंच विचारत होतात."

कानसेनांनी जाळीवरून कान काढला.

ती म्हणाली, आता मी परत येणार नाही. राग म्हणून नाही, यायचं नाही म्हणून. मग तिनं पर्स उचलली, शिपायाला दार उघडायला सांगितलं आणि मागं न बघता गेली.

कानसेन जाळीला कपाळ टेकून रडायला लागले. हमसून हमसून, आवाज करून, आजूबाजूच्या बाकांवरची माणसं आपली बोलणी थांबवून बघायला लागली तरी त्यांना थांबता येईना. शिपाई म्हातारा, भल्या मनाचा होता. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, मुलगी का?

"नाही," कानसेन म्हणाले. "मी तिचं ऐकायला होतो."